गाण्याखाली तीन नावं लिहा

प्रति,
गाण्यांची ॲप चालवणाऱ्या कंपन्या, जुन्या-नव्या मराठी गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या संगीत कंपन्या आणि मराठी वाहिन्यांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत सुगम संगीताचा वर्ग चालवते. सत्तावीस वर्षं झाली. घराची पुढची खोली, एक पेटी, एक तबलाजोडी, भिंतीशी उभा तंबोरा आणि आता मुलांच्या हातातले फोन, एवढाच पसारा आहे. मागणं छोटं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. गाणं वाजत असताना पडद्यावर त्याचे गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावं देवनागरीत दिसावीत. ती कुठे खोल दडलेली नसावीत आणि शोधावी लागू नयेत.

हे पत्र लिहायला बसले ते एका मुलीमुळे. गेल्या श्रावणात आमच्याकडे शाळांची भक्तिगीत स्पर्धा होती. अशा स्पर्धांत अर्ज तपासायचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे असतं. अर्जात चार रकाने असतात : गीत, गीतकार, संगीतकार, मूळ गायक. पूर्वी मुलं घरी विचारून, बाईंना विचारून ते भरून आणायची. आता मधले दोन रकाने बहुतेक कोरेच येतात. या सहावीतल्या मुलीने मात्र सगळे भरले होते आणि तिन्ही ठिकाणी एकच नाव होतं, किशोरी आमोणकर. गीत होतं ‘अवघा रंग एक झाला’.

मी तिला म्हटलं, किशोरीताईंनी हा अभंग गायला, पण लिहिला कुणी? ती म्हणाली, “बाई, ॲपवर एवढंच नाव येतं.” तिने फोन पुढे केला. खरंच होतं. वर अभंगाचे पहिले शब्द, खाली गायिकेचं नाव, त्याखाली कंपनीचं नाव. मी म्हटलं, बरं, शेवटची ओळ म्हण बघू. तिने तिथेच टेबलापाशी उभं राहून, हात मागे बांधून म्हटली. सुरात म्हटली. “म्हणे चोखियाची महारी.” आणि मग तिनेच विचारलं, “बाई, चोखियाची महारी म्हणजे कोण?”

ती सोयराबाई, संत चोखामेळ्यांची पत्नी. चौदाव्या शतकातली बाई. जिला पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती, तिने विठ्ठलाच्या दर्शनात मी-तूपण कसं विरून गेलं ते या अभंगात सांगितलं आणि शेवटच्या ओळीत आपली खूण ठेवली. ज्या ओळखीसाठी तिला बाहेर उभं केलं जात होतं, तीच ओळख तिने सहीसारखी वापरली. आमची सहावीतली मुलगी तीन आठवडे रोज ते नाव गात होती, आणि ते नाव आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. आपल्याकडे गाणाऱ्याच्या आधी रचणाऱ्याचं नाव यायचं, तेही गाण्याच्या आत. तुका म्हणे. नामा म्हणे. एका जनार्दनी. जनी म्हणे. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांतही तीच रीत. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता, गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून नाव कडव्यातच ओवलं. नाव गाळलं तर वृत्त मोडेल, चाल अडेल, अशी पक्की शिवण घातली. सातशे वर्षं ती उसवली नाही. तुमच्या पडद्यावर सोयराबाईंना जागा मिळाली नाही तरी त्या शेवटच्या ओळीत बसून आहेत.

पण नव्या कवींनी हे करणं सोडलं. भावगीत लिहिणाऱ्याने शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घातलं नाही, कारण त्याला तशी गरज वाटली नाही. पुस्तकावर नाव छापलं जात होतं, तबकडीवर छापलं जात होतं, रेडिओवर सांगितलं जात होतं. नाव सांभाळायचं काम त्याने विश्वासाने माध्यमांवर सोपवलं. आज ते माध्यम तुम्ही आहात.

आणि यंत्रं आली म्हणून नावं गेली, असं मुळीच नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा गाणं संपता संपता त्या स्वतः आपलं नाव इंग्रजीत सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना हे कुणाचं गाणं ते कळायला हवं होतं. म्हणजे यंत्राचीच ती गरज होती. पुढे तबकडीच्या मधल्या गोल कागदावर नावं आली, मग कॅसेटच्या कार्डावर. अक्षर बारीक होत गेलं, पण नावं होती.

आणि आकाशवाणी होती. पुणे केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि दीडच वर्षांनी, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायणाचं पहिलं गीत गेलं. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे कितीतरी वेगवेगळे गळे. आजही घराघरांत कुणी ‘गदिमांचं’ गीतरामायण म्हणतं, कुणी ‘बाबूजींचं’. दोन्ही नावं जिवंत राहिली, कारण दोन्ही सांगितली जात होती.

माझं स्वतःचं शिक्षण सांगली केंद्रावर झालं असं म्हटलं तरी चालेल. आठवीत असताना मी दोनशे पानी एक वही केली. प्रत्येक पानाला तीन गाणी, प्रत्येक गाण्याला तीन रकाने. निवेदिका गाण्याआधी एक वाक्य म्हणायची, ‘गीत अमुक, संगीत तमुक आणि गायिका आहेत...’ त्या एका वाक्यासाठी मी पेन उघडून बसायची. कधी नेमकी कुकरची शिट्टी व्हायची, कधी ट्रान्झिस्टरचे सेल उतरलेले असायचे आणि संगीतकाराचं नाव खरखरीत बुडायचं. मग तो रकाना कोरा ठेवायचा आणि गाणं पुन्हा लागायची वाट बघायची. महिने जायचे. वही आजही उघडली की दिसतं, कवी निळ्या शाईत, गायिका निळ्या शाईत आणि मधलं नाव काळ्या किंवा हिरव्या शाईत, नंतर भरलेलं. एका पानावर ‘वसंत’ एवढंच लिहून पुढे प्रश्नचिन्ह आहे. प्रभू, पवार की देसाई? तिघेही वसंत, तिघेही मोठे संगीतकार, आणि तिघांची चाल ओळखायला शिकले ती त्या प्रश्नचिन्हामुळे. त्या गाण्याला आठ महिन्यांनी ‘पवार’ मिळाले.

त्याच वहीमुळे मला कळलं की लेकीची पाठवणी होताना ज्या गाण्याने अख्खा मांडव रडतो, ‘दिल्या घरी तू सुखी राहा’ असा निरोप देणारं ते गाणं पी. सावळारामांचं आहे. पी. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे. गदिमा जन्मले तेही याच जिल्ह्यात, शेटफळ्याला. त्या दुष्काळी, कुसळाच्या मुलखात. आपल्या पंचक्रोशीतल्या माणसाने हे लिहिलं, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी समजणं काय असतं, ते मी तुम्हाला शब्दांत नीट सांगू शकणार नाही. पण मी गाणं शिकले त्याच्या मुळाशी ते आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना आज ते गाणं एका सेकंदात मिळतं, ते कुणाचं आहे हे मात्र त्याच पडद्यावर मिळत नाही.

हे असं का होतं, ते मी तांत्रिक काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून समजून घेतलं. कुणाच्या वाईटावर कुणी नाही. १९९६ मध्ये एमपी३ फाइलच्या शेपटीला माहितीची एक चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली. चिठ्ठी १२८ बाइटची. तीस अक्षरं गाण्याच्या नावाला, तीस ‘आर्टिस्ट’ला, तीस अल्बमला, चार वर्षाला, तीस शेऱ्याला आणि गाण्याच्या प्रकाराला एक आकडा. ती चिठ्ठी जिथे तयार झाली, तिथल्या गाण्यांत लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. त्यांना एक रकाना पुरला. आपल्याकडे ही तीन निराळी माणसं असतात आणि भावगीतात तर कविता आधी जन्मते. त्या एका रकान्यात आपण गायकाला बसवलं आणि बाकीचे दोघे दाराबाहेर राहिले. पुढच्या आवृत्त्यांत गीतकाराला आणि संगीतकाराला स्वतंत्र जागा आल्या. गाणं कंपनीकडून ॲपकडे जातं, तेव्हा आज त्याबरोबर ही नावं पाठवायची सोयही आहे. म्हणजे जागा आहे, ती भरली जात नाही. भरली तरी दाखवली जात नाही. काही ॲपवर तीन ठिपके दाबून, मग आणखी एक ओळ दाबून नावं निघतात, हे मला माहीत आहे. पण ती उघडून बघणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

हाच कोरा रकाना पुढे बोलणाऱ्या यंत्रांनाही चुकवतो. भाच्याने दिवाळीला घरी बोलणारा स्पीकर आणला. मी त्याला सुरेश भटांची एक गझल लावायला सांगितली, ती त्याने लावली, आणि मग विचारलं, ही कुणी लिहिली? त्याने स्वच्छ आवाजात गायिकेचं नाव सांगितलं. आकाशवाणीची निवेदिका चुकली असती तर दुसऱ्या दिवशी श्रोत्यांची पत्रं गेली असती. या डब्याला पत्र कुठे लिहायचं?

आता वाहिन्यांविषयी. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, तेव्हापासून कार्यक्रमाच्या शेवटी पाट्या पडायच्या : लेखक, संगीत, नेपथ्य, ध्वनी. घरातली लहान मुलं त्या मोठ्याने वाचायची, वाचायला शिकायची. १९८८ च्या १५ ऑगस्टला ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा दिसलं. भीमसेनजींचा चेहरा आणि आवाज सगळ्या देशाला पाठ झाला. त्या गाण्यामागे अशोक पत्कींचं संगीत आहे आणि शब्द पियूष पांडे यांचे, हे किती घरांत माहीत आहे? पत्कींनीच पुढे ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत केलं. मंगेश कुलकर्णींचे शब्द, देवकी पंडितांचा स्वर. संध्याकाळी ते लागलं की ओट्याजवळची बाई हात पुसत बाहेर यायची. आज पाट्या चिमटीत धरल्यासारख्या कोपऱ्यात आकसतात, त्यांच्याशेजारी पुढच्या भागाची झलक सुरू असते. आणि इंटरनेटवरच्या मालिकांत तर शीर्षकगीत वगळायचं बटणच असतं, शेवटी पाच सेकंद उलटी मोजून पुढचा भाग चालू. ज्यांनी रात्री जागून काम केलं त्यांची नावं पाहण्यासाठी प्रेक्षकाला धावत जाऊन बटण दाबावं लागतं.

वादकांबद्दल आणि संगीत संयोजकांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. एवढंच सांगते. हिंदी चित्रपटसंगीतात मोठमोठे वाद्यवृंद ज्यांनी बसवले, त्यांत गोव्याची माणसं पुष्कळ होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस माजोर्ड्याचे, प्यारेलालांचे गुरू. १९७७ मध्ये एका गाजलेल्या चित्रपटातल्या नायकाला त्यांचं नाव मिळालं आणि ते सगळ्या देशाच्या तोंडी झालं, पण हा एक खरा, जिवंत वादक आहे हे बहुतेकांना कळलंच नाही. आमच्या मिरजेत तंबोरा घडवणारा कारागीर वाद्यावर आपल्या नावाची पट्टी लावतो. माझ्या तंबोऱ्यावर ती आहे. मैफलीत ती कुणाला दिसत नाही, पण तार उतरली, जवारी बिघडली की ज्याच्याकडे जायचं तो माणूस त्या पट्टीमुळे सापडतो.

कायद्याचं मी थोडं वाचलं. तुम्ही ते माझ्याहून जास्त जाणता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ मध्ये ध्वनिमुद्रणावर काय छापायचं ते सांगितलंय : मुद्रण कुणी केलं, हक्क कुणाचा, पहिल्यांदा कधी प्रकाशित झालं. कवी आणि संगीतकार त्या यादीत नाहीत. म्हणून कंपनीचं नाव प्रत्येक गाण्याखाली न चुकता येतं, हे ध्यानात आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण कोडंही सुटलं. त्याच कायद्यात कलम ५७ आहे. रचनेचे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी रचलं’ असं म्हणायचा कर्त्याचा हक्क उरतोच, असं ते म्हणतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला होता. २०१२ मध्ये संसदेने कायदा बदलून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत कायमचा वाटा दिला, जो त्यांना लिहून देऊनही सोडता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत. हा हिशेब नावावर चालतो. जिथे नाव रोमन अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी पडलंय, फडके एकदा पी-एचने आणि एकदा एफने, तिथे एका माणसाची दोन माणसं होतात. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर हे एकच, हे यंत्राला कुणीतरी मराठी वाचणाऱ्याने सांगावं लागतं. लताबाईंनी ‘आनंदघन’ नावाने चित्रपटांना संगीत दिलं. त्यांनी ते नाव निवडलं होतं, म्हणून तेच लिहायचं, आणि ते कोण हेही सांगायचं. हे बारकाव्याचं काम आहे. त्यासाठी भाषा जाणणारी चार माणसं नेमा.

हे होण्यासारखं नाही, असं कृपा करून म्हणू नका. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ कितीतरी वर्षं प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर, चित्रपट किंवा नाटक आणि माहीत असेल तर रागसुद्धा देवनागरीत देत आलंय. माझा वर्ग त्याच्यावर चालतो. एवढं तुमच्यासारख्या मोठ्या कंपन्यांना नक्कीच जमेल.

तुमचे उपकार मी विसरत नाही. ज्या गाण्यांसाठी आम्ही महिनोन् महिने कान लावून बसायचो, ती आज मिरजेजवळच्या बेडगच्या, आरगच्या मुलींना घरबसल्या ऐकायला मिळतात. ज्यांच्या कॅसेट कधी दुकानात दिसल्या नाहीत, त्यांची ध्वनिमुद्रणं मी तुमच्यामुळेच ऐकली. म्हणूनच तर तुम्हाला लिहितेय. उद्या ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांच्याजवळ कॅसेटचं कार्ड नसेल, रेडिओची वही नसेल. तुम्ही जे दाखवाल तेवढंच त्यांना ठाऊक असेल.

त्या मुलीने स्पर्धेचा अर्ज तिथेच दुरुस्त केला. ‘गीतकार’पुढे खाडाखोड करून ‘संत सोयराबाई’ लिहिलं. मग ती रांगेत गेली, आणि तिची पाळी आली तेव्हा शेवटच्या ओळीवर ती आधीपेक्षा जरा थांबून गायली. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

माझी वही मी जपून ठेवली आहे. पाचशे चाळीस गाणी आहेत तीत. उपयोग होणार असेल तर प्रत्येक पानाचं छायाचित्र काढून पाठवते, त्याचं मला काही नको. त्यातले एकोणीस रकाने मात्र अजून कोरे आहेत, बाराच्या बारा महिने रेडिओ ऐकूनही ते भरले नाहीत. त्या गाण्यांचे करार आणि तबकड्यांचे मूळ कागद तुमच्या कपाटांत असतील. ती एकोणीस नावं तेवढी बघून कळवा.

आपली,
मिरजेतली एक गाणं शिकवणारी